मेडिक्लेम मिळाला म्हणून अपघाताच्या भरपाईतून तेवढी रक्कम कापतात का?

उद्यमनगरचा थोरला
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं शिवाजी उद्यमनगरात स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे. गोकुळ शिरगावला माल पोचवून परत येताना हायवेवर उचगावजवळ ट्रकनं मागून ठोकरलं. उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातलाय. दवाखान्याचं बिल ४ लाख ८० हजार झालं. त्याच्या स्वतःच्या मेडिक्लेमचे ३ लाख आले. बाकीचे भरल्याशिवाय डिस्चार्ज देईनात, म्हणून भावजयीच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या.

आता ट्रकच्या विमा कंपनीकडून आलोय म्हणून एक जण घरी येऊन सांगून गेला, "मेडिक्लेमचे ३ लाख वजा, राहिलेल्यावर तडजोड करू, सही करा." टेक्सासमधले मेहुणे म्हणतात, तिकडं दवाखाना भरपाईवर 'लिन' लावतो आणि आधी आपले पैसे काढून घेतो. आपल्याकडं पण तसंच आहे का? भावाचा हप्ता भावानं भरला, त्याचा फायदा ट्रकवाल्याच्या कंपनीला कसा काय?

बावडा कोर्ट
दादा, सही अजिबात करू नका. मी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात वकिलांकडं कारकून आहे, दावा प्राधिकरणाची, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाची, कामंच बघतो.

तुमचा शेवटचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. नेमक्या याच गोष्टीवर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं (जास्त न्यायमूर्तींच्या मोठ्या पीठानं) २८ मार्च २०२५ ला निकाल दिलाय. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध डॉली गांधी. आधी वेगवेगळ्या खंडपीठांची मतं जुळत नव्हती, म्हणून प्रश्न पूर्णपीठापुढं गेला. उत्तर स्पष्ट आहे : मेडिक्लेमची रक्कम ही हप्ता भरून केलेल्या कराराची आहे, ती मोटार अपघाताच्या भरपाईतल्या वैद्यकीय खर्चातून वजा करायची नाही. म्हणजे अर्जात पूर्ण ४ लाख ८० हजार मागा.

दवाखान्याचं म्हणाल, तर आपल्या मोटार वाहन कायद्यात खासगी दवाखान्याला भरपाईवर असा थेट हक्क दिलेला नाही. बिल राहिलं तर ती साधी उधारी, वसुलीसाठी त्यांनी दिवाणी दावा करावा. फक्त "भरपाई आली की आधी दवाखान्याला देईन" असं काही स्टॅम्पवर लिहून दिलंय का, ते तपासा. आणि बिलासाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही, हे इथं वाचणाऱ्या सगळ्यांनी ध्यानात ठेवा.

खरी रक्कम बिलात नसते, पुढच्या कमाईत असते. लेथवर दिवसभर उभं राहावं लागतं. सर्टिफिकेटवर अपंगत्व समजा २० टक्के लिहिलं, तरी त्या माणसाच्या धंद्यावर परिणाम किती झाला हे प्राधिकरणानं वेगळं बघायचं असतं. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलंय. रिटर्न, जॉबवर्कची बिलं, जीएसटीचे कागद, सगळं गोळा करा. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांची साक्ष होईल असं बघा.

ह्यूस्टनकर
मूळचा मंगळवार पेठेचा. मेहुण्यांचं बरोबर आहे, पण ते टेक्सासपुरतं. इथं अपघातानंतर ७२ तासांत भरती झालेल्या पेशंटच्या भरपाईवर हॉस्पिटल लिन लावू शकतं. त्यासाठी काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) दफ्तरात नोटीस दाखल करावी लागते. मग तो लिन फेडल्याशिवाय तडजोडीचे पैसे मोकळे होत नाहीत. आरोग्य विमा कंपनीही पॉलिसीतल्या अटीप्रमाणं आपला खर्च परत मागते. म्हणून वकील आधी लिन कमी करून घेण्यासाठी घासाघीस करतात. तिकडं भारतात हे काही लागू नाही.

जयसिंगपूरची सुनबाई
भाऊ, आमच्या सासऱ्यांच्या केसमधून सांगते. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनी ठेवून घेते. नंतर प्राधिकरणात मूळ कागद कुठायत म्हणून विचारतात. आत्ताच दवाखान्यातून प्रत्येक बिलाची सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि मेडिक्लेमकडून किती मंजूर, किती नाकारलं याचं पत्र घ्या.

मेडिकलच्या चिठ्ठ्या आज रात्रीच झेरॉक्स करा. तो गुळगुळीत कागद असतो ना, त्यावरची शाई उडते. आमच्या पिशवीतल्या कितीतरी चिठ्ठ्या सहा-सात महिन्यांत कोऱ्या झाल्या, नुसतं दुकानाचं नाव पुसट दिसत होतं. फिजिओथेरपीचे पैसे रोखीनं देत असाल तर पावतीशिवाय देऊ नका. रिक्षाचं भाडंसुद्धा तारखेनिशी वहीत लिहा.

उद्यमनगरचा थोरला
लई आधार वाटला. सही केलेली नाही. अपघाताला चार महिने होत आले. अजून वेळ आहे ना? आणि कंपनी अपिलात गेली तर मुंबईच्या वाऱ्या?

बावडा कोर्ट
वेळ फार नाही. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांत अर्ज करायची अट आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर थांबू नका. एफआयआर, पंचनामा, ट्रकच्या विम्याची प्रत घेऊन याच आठवड्यात वकील गाठा. व्याजाचा विचारही अर्जाच्या तारखेपासून होतो.

अपिलाची काळजी सोडा. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं पीठ) आपल्या कोल्हापुरातच बसतंय. पाटल्यांच्या तारणाची पावतीही फाइलला लावा. दवाखान्याचं बिल कुठून भरलं, ते त्यावरून दाखवता येईल.