दोन सामने हरूनही विजेता? ओहायो स्टेट, हंगाम २०२४

नवीन_प्रेक्षक:
मुलगा ओहायो स्टेटला शिकतो, त्यामुळे घरात कॉलेज फुटबॉलचं वारं शिरलंय. क्रिकेटवर वाढलेल्या माझ्या डोक्याला एक कोडं सुटत नाही. २०२४ च्या हंगामात हा संघ ऑरेगनकडून ३२-३१ हरला, मग घरच्या मैदानावर मिशिगनकडून हरला, आणि तरी जानेवारीत राष्ट्रीय विजेता! मुलाला विचारलं तर "आई, ते मोठं प्रकरण आहे" म्हणून मोकळा. कोणी समजावेल का? आणि मिशिगनच्या त्या सामन्याबद्दल लोक अजून सुतकात असल्यासारखे का बोलतात?

कोलंबसकर:
ताई, आधी सुतकाचं सांगतो. तारीख ३० नोव्हेंबर. मिशिगन त्या वर्षी रडतखडत चाललेलं, तोवर पाच सामने हरलेलं. स्टेडियमात लाखाच्या वर माणूस. मध्यंतराला १०-१०, आणि त्यानंतर आमच्या संघाला एक गुणही नाही! ४५ सेकंद उरले असताना त्यांनी फील्ड गोल मारला (चेंडू लाथेने गोलखांबांमधून, तीन गुण), १३-१०. सलग चौथ्या वर्षी हार. वर त्यांच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला घेतला, मग हाणामारी, पोलिसांचा पेपर स्प्रे, सगळं झालं. माझ्या शेजारचे आजोबा तेवढ्या गोंधळात गुडघ्यावरचं ब्लँकेट कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी करत बसले होते. मैदानाकडे बघितलंसुद्धा नाही.

प्रशिक्षक रायन डेच्या नावाने सगळं गाव खडे फोडत होतं. माझा राग डावपेचांवर होता. सिमन्स आणि मॅक्लॉफ्लिन, पुढच्या फळीतले दोन खंदे गडी, आधीच जायबंदी. समोर मिशिगनची मधली फळी म्हणजे भिंत. तरी आमचे पुन्हा पुन्हा तिथूनच घुसणार! चेंडू घेऊन २६ वेळा धावले, मिळाले ७७ यार्ड. आणि जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर, म्हणजे लांब फेकलेला चेंडू झेलणारा गडी, पहिल्याच वर्षाला असताना!

लोक म्हणतात, त्या पराभवाने संघ जागा झाला. मला नाही पटत. पोरं तेव्हाही जागीच होती, डावपेच बदलले. प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांमध्ये, टेनेसीला ४२-१७ लोळवलं. मग पुढच्या फेरीत, रोझ बोल नावाच्या सामन्यात, ज्या ऑरेगनकडून हरलो होतो त्याच्याविरुद्ध दुसऱ्या क्वार्टरमध्येच ३४-०! स्मिथचे एकट्याचे १८७ यार्ड. चेंडू त्याच्याकडे फेका, एवढंच तर आम्ही ओरडत होतो.

नियमवाला:
मूळ प्रश्न राहिलाच की. त्या वर्षी प्लेऑफमध्ये पहिल्यांदाच १२ संघ घेतले. आधी फक्त चार असायचे, आणि त्या पद्धतीत दोन सामने हरलेला एकही संघ कधी आत शिरला नव्हता. म्हणजे वर्षभर आधी हा हंगाम मिशिगनपाशीच संपला असता. गंमत म्हणजे चार कॉन्फरन्स (संघांचे गट) विजेत्यांना पहिली फेरी माफ होती, आणि ते चौघेही आपला पहिलाच सामना हरले. पुढच्या वर्षी मानांकनाचा नियम बदलला.

पिवळा_निळा:
मिशिगनवाला बोलतोय. चषक तुमचा, १३-१० आमचं. शिवाय पाच सामने हरलेल्यांकडून घरी मार खायचा आणि वर विजेते म्हणून मिरवायचं! जुनी पद्धतच बरी होती. नियमित हंगामाला काही किंमत तरी होती.

कोलंबसकर:
मिशिगनदादा, १३-१० तुमचंच, फ्रेम करून लावा. पण आम्हाला काही फुकट मिळालं नाही. सलग चार सामने, चारही तगडे संघ. टेक्ससविरुद्ध २१-१४ ची आघाडी, आणि ते आमच्या गोलरेषेपासून एका यार्डावर! तिथून त्यांना मागे रेटलं, आणि चौथ्या डाऊनला, म्हणजे चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला, आमच्या जॅक सॉयरने त्यांच्या चेंडू फेकणाऱ्या क्विन युअर्सला धडक दिली, सुटलेला चेंडू उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला. हा युअर्स पूर्वी ओहायो स्टेटमध्ये त्याचाच रूममेट!

अंतिम सामन्यात नोत्र दामने ३१-२३ पर्यंत गाठलं होतं. तिसरा डाऊन, अजून ११ यार्ड हवे होते. मिशिगनविरुद्धचे डावपेच असते तर चेंडू पुन्हा मधून गेला असता. पण आमच्या चेंडू फेकणाऱ्या विल हॉवर्डने लांब फेकला, स्मिथकडे, ५६ यार्ड. शेवट ३४-२३.

ताई, मुलाला म्हणावं, टेक्ससच्या सामन्याची शेवटची काही मिनिटं तुमच्याबरोबर बसून बघ. डाऊन म्हणजे काय ते तिथे आपोआप कळेल.