बेघर झालेल्या मित्राला पैशांखेरीज कोणती मदत करता येईल?

सावली :
माझा महाविद्यालयापासूनचा एक जवळचा मित्र गेल्या काही महिन्यांपासून बेघर आहे. आधी नोकरी गेली, मग भाडे थकले आणि शेवटी घर सोडावे लागले. सुरुवातीला तो ओळखीच्या लोकांकडे राहिला. आता रात्री जागा मिळेल तिथे झोपतो. मी त्याला अधूनमधून पैसे देत आले आहे, परंतु ते लगेच संपतात आणि त्याची परिस्थिती होती तशीच राहते. त्याहून मला लागते ते हे, की पैसे घेताना तो माझ्याकडे पाहत नाही आणि त्यानंतर कितीतरी दिवस फोन उचलत नाही. तो दारू पितो. माझे घर लहान आहे, मुले लहान आहेत, त्यामुळे त्याला कायमचे ठेवून घेणे शक्य नाही. त्याला खरोखर उपयोग होईल आणि आमची मैत्रीही टिकेल, असे काय करता येईल? या कामाचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पायवाट :
मी रात्रनिवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून काम करतो, त्या अनुभवावरून लिहितो. सर्वांत आधी त्यालाच विचारा की या आठवड्यात सर्वांत जास्त अडचण कशाची होते आहे. आपण मनाशी यादी करून वस्तू घेऊन जातो, आणि त्याला मात्र फक्त फोन चार्ज करायला जागा हवी असते.

घर जाते तेव्हा छपरासोबत टपालाचा पत्ता, सामान ठेवायची जागा, अंघोळीची सोय आणि आतून कडी लावून निवांत झोपण्याची मुभा, हे सगळेच जाते. यांतील पुष्कळ गोष्टी तुम्ही लहान घरातूनही परत देऊ शकता. टपालासाठी आपला पत्ता वापरू द्या, पण तो अधिकृत अर्जात चालतो का, हे आधी तपासून घ्या. ओळखपत्र, शिक्षणाची प्रमाणपत्रे, बँकेची आणि औषधोपचाराची कागदपत्रे त्याची इच्छा असेल तर तुमच्याकडे ठेवा आणि प्रती त्याच्याजवळ राहू द्या. मात्र त्याने मागितली की कारण न विचारता ती त्याच क्षणी परत द्यायची, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. रस्त्यावर पिशवी चोरीला जाणे किंवा भिजणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि एक ओळखपत्र हरवले की ते पुन्हा मिळवण्यासाठी दुसरे दाखवावे लागते, ते नसेल तर तिसरे. या फेऱ्यात माणसाचे महिने जातात. त्याचा फोन नंबर बंद पडू देऊ नका, कारण नोकरीसाठी येणारा फोन आणि बँकेचा ओटीपी दोन्ही त्याच नंबरवर येतात.

झोपेविषयी फार थोडे बोलले जाते. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची चपळता आणि एकाग्रता रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे प्रयोगांतून दिसले आहे. उघड्यावर झोपणारा माणूस सामान आणि जीव सांभाळत अर्धवट जागाच असतो. अशा स्थितीत त्याने अर्ज नीट भरावेत, वेळेवर मुलाखतीला जावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. आठवड्यातून एक ठरलेली दुपार त्याला तुमच्याकडे अंघोळ, कपडे धुणे आणि काही तासांची सुरक्षित झोप मिळाली, तर ती मदत पुष्कळ मोठी ठरेल.

वस्तूच द्यायच्या असतील, तर कोरडे मोजे आणि पायांना बसणारे बूट द्या. पाय दीर्घकाळ ओले आणि गार राहिले, तर बर्फ नसतानाही त्यांना गंभीर इजा होते. पांघरुणाइतकेच अंथरूण महत्त्वाचे आहे, कारण गार जमीन अंगातली उष्णता खालून ओढून घेते.

उंबरठा :
पायवाट यांचे सर्व मुद्दे मान्य आहेत, पण यातून पैसे देणेच चुकीचे आहे, असा अर्थ कुणी काढू नये. कॅनडात व्हँकूव्हरमध्ये बेघर झालेल्या 50 जणांना प्रत्येकी 7,500 डॉलर एकरकमी आणि विनाअट देण्यात आले होते. 2023 मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पैसे न मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांचे बेघर अवस्थेतील दिवस कमी झाले आणि दारू वा अमली पदार्थांवरील खर्च वाढला नाही. त्या प्रयोगात तीव्र व्यसन असलेल्यांना घेतलेले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. तरी थेंबाथेंबाने दिलेली रक्कम जगण्यातच विरून जाते आणि योग्य वेळी दिलेली मोठी रक्कम परिस्थिती बदलू शकते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. खोलीची अनामत रक्कम थेट घरमालकाला देणे, हा तुमच्यासाठी मधला मार्ग आहे.

‘आधी दारू सोड, मग घराचे बघू’ ही अट मात्र घालू नका. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी नेमका उलटा क्रम स्वीकारला: आधी कायमचे घर आणि मग, त्या माणसाची तयारी असेल तसे, उपचार. कॅनडाने 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत हीच पद्धत तपासली, आणि तिथेही अशी घरे मिळालेले लोक इतरांपेक्षा कितीतरी अधिक काळ घरात टिकून राहिले. दाराला कुलूप लावता येऊ लागले की व्यसनाशी लढायलाही बळ येते, असे माझे ठाम मत आहे.

परिचारिका :
दारूविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने ती एकाएकी थांबवली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. म्हणून तुमच्या शब्दाखातर त्याने ती अचानक सोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

दारूने अंगात ऊब आल्यासारखे वाटते, पण त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता उलट अधिक वेगाने बाहेर जाते. शरीराचे तापमान 35 अंश सेल्सियसच्या खाली गेले की बोलणे अडखळते, चाल डळमळते आणि पुढे थरथरही थांबते. पाहणाऱ्याला वाटते, हा प्यायला आहे. गारठ्यात तो असा दिसला, तर झोपू द्या असे म्हणून सोडून जाऊ नका. ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा.

त्याला इन्सुलिनसारखे थंड जागी ठेवावे लागणारे औषध असेल, तर त्याचा साठा तुमच्या फ्रिजमध्ये ठेवा. शक्य असेल तर रुग्णालयात त्याच्यासोबत जा. मळलेल्या कपड्यांतला माणूस एकटा आला, तर त्याचे म्हणणे पुष्कळदा अर्धवट ऐकले जाते, हे मी स्वतः पाहिले आहे.

सावली :
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. ठरलेल्या दुपारची कल्पना मला लगेच अमलात आणता येईल. फार वाईट हवामान असेल तेव्हा त्याला काही रात्री घरी ठेवावे का?

पायवाट :
अवश्य ठेवा, पण किती रात्री ते तो येण्यापूर्वीच ठरवून त्याला सांगा आणि घरातल्या सर्वांची संमती घ्या. भाड्याचे घर असेल, तर करारातील अटीही पाहा. मुदत संपल्यावर तो कुठे जाणार, याची चौकशी शेवटच्या दिवसावर न ढकलता पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून सुरू करा. आणि अधूनमधून त्याला मदतीचा विषय न काढताही भेटा. जुन्या मित्रांविषयी बोला, मुलांच्या अभ्यासाबाबत त्याचा सल्ला घ्या, कारण सतत घेणाराच राहिलेला माणूस देणाऱ्याला टाळू लागतो. तो फोन उचलत नसेल, तर भेटीचा वार, वेळ आणि जागा कायमची ठरवून टाका. एखाद्या वेळी तो आला नाही, तरी पुढच्या वेळी तुम्ही तिथे असा, आणि मागच्या वेळी का आला नाहीस, हे विचारू नका.