१:√३:२ पाठ करा, साइन-कॉस सोडा? काय राव!

माहुलीकर: काल इथं एकानं लिहिलं, इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीला काटकोन त्रिकोण दिसला की बाजूंचं ठरलेलं प्रमाण ठोकायचं, ३०-६०-९० ला १:√३:२ नाहीतर ४५-४५-९० ला १:१:√२, साइन-कॉस मांडणारे वेळ घालवतात. डोकंच फिरलं. पोरीला साताऱ्यातल्या क्लासात हेच घोटून घेतलंय. परवा मी १५ अंश दिला तर बघतच बसली. टॅन (४५ − ३०) उघडलं की २ − √३ येतं, गावीच नाही तिच्या.

विश्रामबागवाला: पोस्ट माझीच. ९० मिनिटांत ५० प्रश्न, एकाला १०८ सेकंद, कॅल्क्युलेटर नाही. कर्ण १०, कोन ३०, समोरची बाजू ५. साइन लिहून साडेपाच येतात का?

दहावीच्या_बाई: बोर्डात नुसतं ५ लिहा, पायऱ्यांचे गुण गेले. आणि सेमीच्या पोरांना 'संमुख बाजू' (कोनासमोरची) म्हटलं की तोंडाकडं बघतात, ते आधी कोण निस्तरणार?

विश्रामबागवाला: बाई, विषय सीईटीचा चाललाय.

गुण्या_ओळंबा: लगा, ३-४-५ वर माझा बाप चाळीस वर्षं गवंडीकाम करत होता. दोरी, तीन खुंट्या, झाला काटकोन. कुठला साइन?

माहुलीकर: गवंड्यांचं नाव काढू नका! आमच्या स्वयंपाकघराचा कोपरा ३ फूट, ४ फूट धरून मोजला, तिरपं माप ५ फूट १ इंच. गवंडी म्हणाला, "इंचानं काय होतंय?"

गुण्या_ओळंबा: माप चुकीचं धरलं असणार तुम्ही.

माहुलीकर: तीनदा मोजलंय! तीन बाजूंवरून कोन काढायचा कोसाइन रूल लावा, कोन ९२ अंश येतो. १२ फुटी भिंतीला शेवटी ५ इंचांची पाचर. फरशीवाला रोज शिव्या घालत होता. आता हे तुमच्या १:√३:२ नं काढून दाखवा.

विश्रामबागवाला: तो काटकोन त्रिकोणच नाही, मग माझ्या गळ्यात का मारताय? आणि फिजिक्सवाले ३-४-५ च्या लहान कोनाला बिनदिक्कत ३७ अंश धरतात, ते चालतं?

माहुलीकर: ३६.८७ आहे तो.

विश्रामबागवाला: बरं बाबा, १५ अंशाला तुमचं खरं. पोरांना सांगतो, आधी प्रमाण, अडलं तर टॅन. खूश?

दहावीच्या_बाई: पायऱ्या लिहायला पण सांगा.

गुण्या_ओळंबा: ते राहू द्या, त्या कोपऱ्याचं काय केलं?

माहुलीकर: फ्रिज ठेवलाय.