बोस्टनमधलं बसिंग: चूक कोर्टाची की हद्दीपलीकडच्यांची?

पिंपळपान:
१९७४ मध्ये बोस्टनला जज गॅरिटींनी काळ्या आणि गोऱ्या मुलांना बसने एकमेकांच्या वस्तीतल्या शाळांत पाठवायचा आदेश दिला होता. परवा एक मित्र म्हणाला, त्या कोर्टानेच शहराच्या शाळांची वाट लावली, मुलांची शाळा घराजवळच हवी. मला अजिबात पटलेलं नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत कायद्यानेच काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. उत्तरेतले लोक म्हणायचे आमच्याकडे असा कायदा नाही, वस्त्याच तशा आहेत त्याला आम्ही काय करणार. अहो पण वस्त्या काय आपोआप तशा झाल्या? तीसच्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या आणि तिथे घराला कर्ज मिळेना. वर बोस्टनच्या स्कूल कमिटीने शाळांच्या हद्दी आणि कुठल्या शाळेतली पोरं पुढे कुठल्या हायस्कूलला जाणार हे सगळं असं बसवलं की गोरी एकीकडे काळी दुसरीकडे, आणि हे मुद्दाम केलं असं कोर्टात सिद्ध झालं. शिकागोत तर काळ्यांच्या शाळांत पोरं मावत नव्हती, गोऱ्यांच्या शाळांत बाकं रिकामी, तरी सुपरिंटेंडेंट विलिस यांनी मैदानात ट्रेलरच्या खोल्या आणून उभ्या केल्या. लोक त्यांना विलिस वॅगन म्हणायचे. ऑक्टोबर १९६३ मध्ये एका दिवशी तिथली दोन लाखांहून जास्त मुलं निषेध म्हणून घरी राहिली.

दर्याकाठ:
दादा, इतिहास सगळा मान्य. पण आदेशाचा भार कोणावर पडला ते पण लिहा ना. रॉक्सबरीची गरीब काळी पोरं साउथ बोस्टनला आणि साउथ बोस्टनची गरीब गोरी पोरं रॉक्सबरीला. जज स्वतः वेलस्ली या श्रीमंत उपनगरात राहायचे, त्या गावावर आदेशाचा काही परिणाम नाही. दोन्हीकडच्या शाळा यथातथाच, मग नुसती अदलाबदल करून कोणाच्या पदरात काय पडलं? पोर शाळेत तापाने फणफणलं तर गाडी नसलेल्या आईने शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं कसं, हा विचार कोणी केला?

पिंपळपान:
ताई, बस नको होती असं काळ्या आयांना विचारून म्हणताय का? १९६५ मध्ये रॉक्सबरीच्या आईबापांनी ऑपरेशन एक्सोडस नावाने स्वतः पैसे जमवून बस केल्या आणि पोरांना गोऱ्या वस्तीतल्या रिकाम्या जागा असलेल्या शाळांत पाठवलं. पदरमोड करून! आणि १२ सप्टेंबर १९७४ ला, पहिल्याच दिवशी, साउथ बोस्टनहून परत निघालेल्या बसवर दगड पडले, काचा फुटल्या, मुलं जखमी झाली. ते दगड काही बस लांब जाते म्हणून मारले नव्हते.

दर्याकाठ:
दगडांचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण द्वेष फक्त दगड मारणाऱ्यातच असतो का? जो गुपचूप घर विकून उपनगरात गेला त्याला कोणीच काही विचारलं नाही.

शिरपूरकर:
ताईंनी बरोबर नस पकडली आहे. गॅरिटींचा आदेश २१ जूनचा, आणि २५ जुलैला सुप्रीम कोर्टाने डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात निकाल दिला. तिथे खालच्या कोर्टाने आजूबाजूचे ५३ उपनगरी स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळांचे वेगवेगळे कारभार) धरून काळी-गोरी मुलं एकत्र आणायची एकच योजना करायला सांगितलं होतं, ते ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झालं. उपनगरांचा दोष सिद्ध झालेला नाही म्हणून त्यांना यात ओढता येणार नाही, असं. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी, ज्यांनी वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटला वकील म्हणून लढवला होता, अगदी कळकळीने विरोधी मत लिहिलं. माझ्या मते खरा घात तिथे झाला. हद्द ओलांडली की सुटका, हे सगळ्यांना कळलं, ज्यांना परवडलं ते गेले आणि शहरात अदलाबदल करायला गरीबच उरले. इथे अमेरिकेत आपण मराठी लोक तरी काय करतो, घर बघायच्या आधी शाळेचं रेटिंग बघतो.

दर्याकाठ:
बघितलं मी रेटिंग, आणि त्याची लाज वाटत नाही. सहा वर्षं पोटाला चिमटा घेऊन हे घर घेतलंय ते पोरीच्या शाळेसाठीच.

शिरपूरकर:
तुम्हाला दोष देत नाही हो, मीही तेच केलं. माझ्या मुलाच्या वर्गात एक मुलगा मेटकोच्या बसने येतो. १९६६ पासून चालू आहे ही योजना, शहरातली मुलं उपनगरातल्या शाळांत, गावांनी स्वखुशीने घेतलेली. पोरगा पहाटे पाचला उठतो. थंडीत आमच्याकडे पोचतो तेव्हा त्याचा डबा गार झालेला असतो आणि पहिल्या तासाला डोळे मिटत असतात. तरी त्याची आई म्हणते, इथेच शिकू दे.

दर्याकाठ:
हेच तर म्हणतेय मी. पहाटे पाचला दर वेळी त्यांच्याच पोराने का उठायचं?

पिंपळपान:
मग तुमच्या गावची पोरं उलट्या दिशेने बसमध्ये बसवायची ठरलं तर तुमची मुलगी जाईल?

दर्याकाठ:
दुपारपासून विचार करतेय. नाही पाठवणार. खोटं कशाला बोलू.