मदत हवी आहे : वाद्याशिवाय पाच जणांचं गाणं कसं बसवायचं?

राजेहो, आमच्या गावातले पोट्टे पेंटाटॉनिक्सच्या पार नादी लागलेत. टेक्सासचा गाणाऱ्यायचा ग्रुप, 2011 मध्ये 'द सिंग-ऑफ' हा अमेरिकेतला टीव्हीवरचा गाण्याचा शो जिंकला अन मग 2015, 16, 17 असे लागोपाठ तीन ग्रॅमी, तेही वाद्य न वाजवता, म्हणजे त्यायच्यातल्या केविनचा चेलो (मोठं व्हायोलिनसारखं वाद्य) सोडला तर तोंडानंच सगळं. आता यायले गणपतीत तसंच भजन बसवायचंय. आमचं मंडळ खंजेरीवालं, पोट्ट्यायच्या हातातून खंजेरी काढली का लय पळालीच समजा, अन पेटी नाही म्हणून दुसऱ्या कडव्यापर्यंत सूर असा खाली घसरते का म्हाताऱ्यायले हसू आवरत नाही.

खरी अडचण खर्जाची हाय. त्यायचा खर्जवाला अवी कॅप्लन 2017 मध्ये सोडून गेला तं मॅट सॅली आला, आमच्याकडे मुळात तसा आवाजच नाही. मंग खालचा सूर कोणाले द्यावा, का पट्टीच बदलावी? बीटबॉक्स करणाऱ्यानं, म्हणजे तोंडानं ताल वाजवणाऱ्यानं, श्वास कुठं घ्यावा? अन कानात तानपुऱ्याचं अॅप लावून गायलं तं चालते काय? कोणी कॉलेजात असं बसवलं असन तं सांगा भाऊ, आमच्याकडे शिकवणारं कोणीच नाही.