लिम्पेटसारखं चिकटणं म्हणजे आपल्याकडं काय म्हणावं?

दारव्ह्याची_मॅडम:
नमस्कार मंडळी, मी दारव्हा तालुक्यात दहावीले इंग्रजी शिकवते. काल एका उताऱ्यात वाक्य आलं, लेकरू आईले लिम्पेटसारखं चिकटलं होतं. पोरं म्हणे मॅडम लिम्पेट काय असते, डिक्शनरीत नुसतं 'समुद्री गोगलगाय' दिलं हाय आणि आमच्या पोरांनी समुद्र पाह्यलाच नाही. मी गोचीड सांगून दिलं, पण रातभर मनाले पटलं नाही. आईच्या कुशीतल्या लेकराले गोचीड कसं म्हणावं?

मूळचा_वाशिमचा:
ताई गोचीड नकोच. मी नोकरीपायी रत्नागिरीत राहतो, इथं खडकावर दिसतात, उपड्या वाटीसारखं टोकदार कवच, खाली एकच जाड मांसल पाय. भरती आली की सरकत जाऊन शेवाळ खरवडून खातो अन् बरेच जण ओहोटीच्या आधी परत आपल्याच जागेवर येऊन बसतात, त्या जागी खडकावर कवचाच्या मापाची खूण पडलेली असते. बेसावध असताना फटका दिला तर निघतो, पण नुसतं बोट लागलं की असा आवळून बसतो की मग हातानं निघत नाही. रक्त कोणाचं पीत नाही. दात तर इतके मजबूत की 2015 मध्ये ब्रिटनच्या पोर्ट्समाउथ विद्यापीठातल्या संशोधकांनी ते कोळ्याच्या रेशमापेक्षा मजबूत असल्याचं दाखवलं.

माजी_सैनिक_पुसद:
लिम्पेट माइन पण यावरूनच. ब्रिटिशांनी 1939 मध्ये बनवला, लोहचुंबकानं जहाजाच्या बुडाले चिकटणारा सुरुंग. 1971 च्या 15 ऑगस्टच्या रात्री बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीचे पोरं तो अंगाले बांधून पोहत गेले, चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज अशा चार ठिकाणी जहाजं बुडवली. त्याईले ट्रेनिंग आपल्या नौदलानं दिलं होतं, प्लासीजवळ भागीरथीत. याले मराठीत लिम्पेटच राहू द्या.

दारव्ह्याची_मॅडम:
मंग घोरपड म्हणू का? तिची पकड तं आपल्या पोरांले माहीत हाय.

वऱ्हाडी_आजोबा:
बाई, खडकासाठी घोरपड बरोबर. इंग्रजीत खुर्ची न सोडणाऱ्यालेही लिम्पेट म्हणतात, तिथं गोचीड खपते, काऊन की तो लोकाईचं रक्त पितेही. पण लेकरासाठी माकडाचं पिल्लू सांगा. माय या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारते, ती त्याले धरत नाही, तेच तिच्या पोटाले धरून रायते.

दारव्ह्याची_मॅडम:
आजोबा, हेच पाह्यजे होतं. शाळेमागच्या चिंचेवर रोज वानरं येतात, उद्या पोरांले तिथंच नेते.