शियांगलिंगला 'द कॅच'च दे की राव

गेन्शिन इम्पॅक्ट गेममधल्या शियांगलिंग या भालावाल्या कॅरेक्टरसाठी साठवलेले प्रिमोजेम (गेममधलं चलन) वेपन बॅनरवर, म्हणजे हत्यारांच्या लॉटरीवर उडवू का विचारतोयस, तर नको रे भावा, 160 ला एक विश, म्हणजे एक डाव पडतो. गेममधल्या इनाझुमा भागात मासे पकडून 'द कॅच' भाला फुकट मिळतो, चार स्टारच आहे पण एनर्जी रिचार्ज (बर्स्ट, म्हणजे मोठा हल्ला, परत लवकर भरायला लागतो तो) भरपूर, आणि रिफाइनमेंट 5, म्हणजे भाला शेवटपर्यंत अपग्रेड केला की बर्स्ट डॅमेज 32 टक्के जास्त, वर बर्स्टचा क्रिट रेट (जादा जोराचा फटका बसायची शक्यता) 12 टक्के जास्त, तिचं सगळं काम बर्स्टवरच चालतं म्हटल्यावर अजून काय पायजे? मासे तेवढे कंटाळा आणतात, एक जात तर रात्रीच येते, मी सांगलीत विश्रामबागला गच्चीवर मोबाईल घेऊन बसायचो, आई म्हणायची त्यापेक्षा आयर्विन पुलाखाली गळ टाकून बस, कालवण तरी होईल.

बेनेट या तलवारवाल्या कॅरेक्टरचं उलटं हाय. तो बर्स्टमधनं टीमला जो अटॅक देतो तो त्याच्या बेस अटॅकवर, म्हणजे त्याचा स्वतःचा अधिक तलवारीचा, बाकी अटॅक टक्के त्यात धरतच नाहीत. मला हे म्हाईत नव्हतं, मी अटॅक टक्क्यांचे आर्टिफॅक्ट (कॅरेक्टरला घालायच्या वस्तू) लेव्हल करत बसलो महिनाभर, टीमला मिळणारा बफ, म्हणजे तो जादा अटॅक, एक आकडा हलला नाही. येडाच मी. तुझ्याकडं बेनेटला कुठली तलवार हाय सध्या?